गव्हाच्या जहाजावर फोडलेलं खापर: पुण्याच्या गाजर गवताचं प्रकरण

गाजर गवत कोणाला ओळखून दाखवावं लागत नाही, पुण्यात तर नाहीच नाही. रिकामा प्लॉट, अर्धवट सोडलेली साईट, रेल्वे रुळाची कड, कॅनॉलचा काठ, जिथे म्हणून माती उघडी पडली तिथे पावसाची एक सर आली की हे हजर. आणि ते दिसलं की चारजणांतला एक हमखास म्हणणार, "अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं हे, लाल गहू आणि मिलो ज्वारी यायची ना, तेव्हा." मी स्वतः ही गोष्ट निदान पन्नास लोकांना सांगितली असेल, अगदी छातीठोकपणे.

मागच्या दोन पावसाळ्यांत आमच्या सोसायटीला लागून असलेल्या प्लॉटवर माझी या गवताशी बरीच झटापट झाली, त्या नादात जुन्या नोंदी वाचल्या, तारखा एका कागदावर ओळीने लिहून काढल्या, आणि लक्षात आलं की आपण इतकी वर्षं जे सांगतोय ते तारखांत बसतच नाही. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लावून बघतोय. लांबलंय जरा, चहा घेऊन बसा.

आधी झाड नीट बघू

नावात गवत असलं तरी हे गवत नाही. झेंडू, शेवंती, सूर्यफूल ज्या कुळातले त्याच कुळातलं हे रोप, शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस, वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये ठेवलेलं. मूळ घर म्हणजे मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा प्रदेश, कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेचा काही भाग. पानं गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली म्हणून गाजर गवत. काँग्रेस गवत का म्हणतात याच्या दोन कथा आहेत, एक म्हणजे फुलं गांधी टोप्यांसारखी पांढरी दिसतात म्हणून आणि दुसरी म्हणजे काँग्रेसच्या राज्यात आलं म्हणून, आणि सांगणारा यातली कुठली कथा सांगतो त्यावरून तो मत कोणाला देतो ते बरोबर कळतं.

कधी त्याचं एक फूल तळहातावर घेऊन बघा, हातमोजा घालून, का ते पुढे येईलच. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो चार-पाच मिलिमीटरचा पांढरा ठिपका असतो, पण तो खरं म्हणजे फुलांचा अख्खा गुच्छ आहे. मधोमध बारीक नरफुलं दाटीवाटीने बसलेली, ती नुसते पराग देतात. कडेला बरोब्बर पाच कोपरे आणि प्रत्येक कोपऱ्यात एक मादीफूल. बी धरतं ते या पाचांतच. म्हणजे एका ठिपक्याला फार तर पाच बिया. वाळलेला ठिपका बोटांत चुरडला की मोहरीपेक्षा बारीक काळी बी हाताला लागते, चपटी, आणि तिच्या दोन्ही अंगांना कागदी पापुद्र्यासारखं काहीतरी चिकटलेलं असतं. हे पापुद्रे म्हणजे शेजारची वांझोटी नरफुलं, बीसोबतच गळून येतात, आणि बीला पाण्यावर तरंगायला यांचाच आधार होतो. नाल्याच्या, कॅनॉलच्या कडेने हे गवत एका रेषेत का उगवतं ते त्या पापुद्र्यांकडे बघून समजतं.

पाच बिया ऐकायला किरकोळ वाटतं पण अंगापिंडाने भरलेल्या एका रोपावर असे हजारो ठिपके असतात, त्यामुळे एका रोपाच्या बिया पंधरा ते पंचवीस हजारांच्या घरात सहज जातात. या बीला फारसे चोचले नाहीत. ओल मिळाली की उगवते, आणि उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत रोप फुलावर येतं, म्हणजे वर्षात दोन-तीन पिढ्या कुठे गेल्या नाहीत. मातीत खोल गाडली गेली तर मात्र वर्षानुवर्षं तशीच जिवंत पडून राहते आणि कोणीतरी खणून वर आणायची वाट बघते.

अजून एक, सुरुवातीचे काही आठवडे हे रोप उंच नसतंच. जमिनीला चिकटून पानांचं एक गोल चक्र पसरलेलं असतं, मुळ्याच्या रोपासारखं, आणि या वयात त्याला फारसं कोणी ओळखत नाही. मग एकदम मधून दांडा वर सुटतो, फांद्या फुटतात, कमरेएवढं, कधीकधी डोक्याएवढं होतं, पांढरं होतं, आणि तेव्हा सगळ्यांना दिसतं. या प्रकरणातला अर्धा घोळ या एका गोष्टीत आहे, दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

आता तारखा

छापील नोंद आहे १९५६ ची. आर. एस. राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये ही वनस्पती भारतासाठी नवी म्हणून नोंदवली. त्याच्या आधी प्राध्यापक परांजपे यांनी पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर तिची तुरळक रोपं पाहिली होती, त्याचं साल बऱ्याच लेखांत १९५१ येतं, काहींत १९५५. शेतात नाही, धान्याच्या गोदामात नाही, उकिरड्यावर. हे लक्षात ठेवा.

आता गव्हाची बाजू. ज्याला आपण पीएल ४८० म्हणतो तो अमेरिकेचा, परदेशांना धान्य पुरवण्याचा कायदा, त्यावर राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवरची सही झाली जुलै १९५४ मध्ये. त्याखाली भारताशी पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. आणि जहाजांमागून जहाजं लागायला लागली ती साठच्या दशकात, त्यातही १९६५-६६ आणि १९६६-६७ च्या दुष्काळात सगळ्यात जास्त. म्हणजे परांजपे सरांना उकिरड्यावर रोपं दिसली तेव्हा, १९५१ धरा नाहीतर १९५५, पीएल ४८० चा करारच झालेला नव्हता. जो गहू अजून निघालाच नाही त्याच्या पोत्यातून बी पुण्यात सांडणार कशी?

गव्हाची बाजू घेणारा म्हणेल की बाबा रे, पीएल ४८० च्या आधीही अमेरिकेतून धान्य येतच होतं. बरोबर आहे, १९५१ मध्येच अमेरिकेने वीस लाख टन धान्यासाठी भारताला कर्ज दिलं होतं. त्यामुळे धान्यातून आलंच नसेल असं मी म्हणत नाहीये, आणि साठच्या दशकातल्या जहाजांतून नव्याने भर पडली असणंही अगदी शक्य आहे. पुढे इथिओपियात हे तण दुष्काळातल्या मदतीच्या धान्याबरोबर पोचलं असं तिथले लोक मानतात, म्हणजे प्रकार काही अशक्य कोटीतला नाही. माझं म्हणणं एवढंच की पहिल्या रोपाचं खापर ज्या जहाजांवर आपण फोडतो ती जहाजं तेव्हा आलेली नव्हती.

आणि खरी गंमत पुढे आहे. विल्यम रॉक्सबर्गने कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमधल्या झाडांची यादी १८१४ मध्ये छापली होती, त्या यादीत पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे नाव आहे! देहरादूनच्या वन संशोधन संस्थेच्या हर्बेरियममध्ये वनअधिकारी ब्रँडिसने गोळा केलेला १८८० चा वाळवलेला नमुना आहे. म्हणजे पेशवाई बुडायच्या आधीपासून पाहुणा घरात आलेला होता, ओसरीवर गप बसून होता, आणि सव्वाशेहून जास्त वर्षांनी एकदम उठून सगळं घर बळकावायला लागला.

असं का व्हावं याचं एक उत्तर असं की कलकत्त्याचं बी आणि पुण्याचं बी वेगळ्या वळणाचं असेल, एकाच जातीतले दोन वेगळे वाण. याला ऑस्ट्रेलियातून चांगला दाखला मिळतो. तिथे क्वीन्सलँडमध्ये हे तण दोनदा आलं. एकदा टूगूलावाजवळ, तिथे ते १९५५ मध्ये सापडलं आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतून आलेल्या विमानांच्या सामानाबरोबर आलं असं मानतात. दुसऱ्यांदा १९६० मध्ये क्लेरमॉन्टजवळ, टेक्सासहून मागवलेल्या चाऱ्याच्या गवताच्या बियांत मिसळून. पहिलं जिथे होतं तिथेच घुटमळत राहिलं, दुसऱ्याने हजारो चौरस किलोमीटरची कुरणं खाल्ली. जात एकच, दोन आवका, एक गरीब गाय आणि एक उधळलेला सांड.

दुसरं उत्तर असं की बी कुठलंही असो, त्याला हवी तशी जमीन मिळायला हवी. आणि ती आपण दिली.

बी आणणारा आणि जागा देणारा

हे गवत घनदाट जंगलात घुसत नाही. चांगलं माजलेलं गवताळ रान असेल तिथेही त्याला शिरायला जड जातं. त्याला लागते खरवडलेली, उकरलेली, तुडवलेली माती, जिच्यावर आधीचं काही शिल्लक नाही. आता पन्नास-साठच्या दशकातलं पुणे डोळ्यांसमोर आणा. पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना पन्नासच्या दशकाच्या मध्यात सुरू झाला, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी चिंचवडच्या माळांवर शेड उभ्या राहायला लागल्या, रस्ते रुंद होतायत, नव्या वसाहती पडतायत, खडी, मुरूम, वाळू, राडारोडा इकडून तिकडे चाललाय. प्रत्येक ट्रकच्या मागच्या फळीच्या फटीतून माती सांडतेय. ज्या रोपाची बी मोहरीपेक्षा बारीक आहे त्याला याहून चांगली वाहतूक व्यवस्था कोणी करून दिली असती?

त्यात गुरांनी हातभार लावला. म्हणजे मुद्दाम नाही, पण गाई-म्हशी, शेळ्या याला सहसा तोंड लावत नाहीत, कडू असतं. त्यामुळे गायरानात बाकी सगळं चरून जातं आणि हे तेवढं उभं राहतं, मग पुढच्या वर्षी त्याचीच बी जास्त. चुकून चाऱ्यातून पोटात गेलं तर दूध कडवट लागतं, हे दुधाचा धंदा करणाऱ्या कोणालाही विचारा.

आणि स्वतः गवतही हात बांधून बसत नाही. त्याच्या पानांत, फुलांत, अगदी खोडावरच्या लवेतही पार्थेनिन नावाचं एक रसायन असतं, पावसाने ते धुपून मातीत उतरतं आणि शेजारच्या रोपांची उगवण दाबतं. यातला मला सगळ्यात चाट पाडणारा भाग परागांचा वाटला. बंगळुरूच्या कांचन आणि जयचंद्र यांनी १९८० मध्ये दाखवलं की याचे पराग वाऱ्याने उडून टोमॅटो, वांगी, मिरची, घेवडा अशांच्या फुलांवर पडले तर फळधारणाच कमी होते. म्हणजे शेतात एकही काडी नाही, नुसतं बांधावर माजलंय, तरी नुकसान होतंय. बांध आपला नाही म्हणून सोडून देणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

सत्तरचं दशक येईपर्यंत हे पुण्याचं राहिलं नव्हतं, देशभराचं झालं होतं. आज जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाचा अंदाज साडेतीन कोटी हेक्टरचा आहे. महाराष्ट्राचं सगळं क्षेत्रफळ तीन कोटी आठ लाख हेक्टर भरतं, यावरून काय ते समजा.

कळस म्हणजे लोक हे पैसे देऊन घरी आणतात. स्वस्तातल्या काही बुकेंत जरबेराच्या मागे पांढरी बारीक फुलं भरलेली असतात, आपल्याला वाटतं जिप्सोफिला, जवळून बघितलं तर पाच कोपऱ्यांचे ठिपके. बुके दोन दिवसांनी कचऱ्यात, कचरा डेपोत, आणि डेपो म्हणजे काय, उकिरडाच की.

अंगावर उठतं तेव्हा

या प्रकरणाची वाईट बाजू म्हणजे माणसांची कातडी. साठच्या दशकात पुण्यात आणि आसपास एक विचित्र त्वचारोग दिसायला लागला. डॉ. लोणकर आणि डॉ. जोग यांनी १९६८ मध्ये त्याबद्दल लिहिलं, पुढे १९७४ मध्ये लोणकरांनी मिचेल आणि कॅलनन यांच्याबरोबर सविस्तर पेपर लिहिला. जगात या गवताच्या त्वचारोगावर कोणीही काही लिहिलं तरी सुरुवात अजून पुण्यातल्या या कामापासून होते.

हा रोग ओळखायची खूण म्हणजे तो कुठे उठतो ते. चेहरा, पापण्या, मान, शर्टाच्या गळ्याजवळचा व्ही आकाराचा उघडा भाग, कोपराची घडी. म्हणजे झाडाला हात लागलाच पाहिजे असं नाही, वाळलेल्या गवताचा भुगा आणि पराग हवेतून येऊन उघड्या कातडीवर बसतात. पहिल्या भेटीत काही होत नाही, शरीर आधी त्याची ओळख पटवून घेतं, मग एखाद्या वर्षी अचानक सुरू होतं आणि पुढे दरवर्षी. खाज, लाली, पाणी सुटणं, आणि वर्षानुवर्षं खाजवून कातडी जाड, काळपट, हत्तीसारखी सुरकुतलेली. जास्त करून शेतात, रस्त्यावर उन्हात काम करणारी प्रौढ पुरुष माणसं यात सापडतात. बऱ्याचदा लोक ऊन बाधलं म्हणून सोडून देतात कारण भाग तेच, उन्हात उघडे राहणारे. ज्याला एकदा हे जडलं त्याला कधीकधी शेवंतीच्या हारानेही त्रास होतो, कुळ एक पडलं ना. दमा आणि शिंका असलेल्यांना परागांचा त्रास होतो तो वेगळाच.

म्हणून हातमोजा. पूर्ण बाह्या, तोंडाला रुमाल, आणि ज्याला आधीच त्रास आहे त्याने उपटायच्या भानगडीत पडूच नये, लांबून सूचना कराव्यात, तसेही सोसायटीत सूचना करणारे कमी नसतात.

कायदा, भुंगेरा आणि टाकळ्याचा भाऊ

कर्नाटकने १९७५ मध्ये हे तण कायद्याने उपद्रवी जाहीर केलं, जमीन ज्याची त्याने ते काढलं पाहिजे असं. कागदावर उत्तम. पण ज्या जमिनींवर हे सगळ्यात जास्त माजतं त्या म्हणजे रस्त्याकडेच्या, रेल्वेच्या, कोर्टात अडकलेल्या, म्हणजे ज्यांचा मालक खुरपं घेऊन येणार नाही अशाच.

मग आला भुंगेरा. मेक्सिकोत या गवतावर जगणारा एक छोटा भुंगेरा आहे, झायगोग्रामा बायकोलोराटा, १९८३ मध्ये तो बंगळुरूला आणला, चाचण्या केल्या आणि १९८४ मध्ये सोडला. के. पी. जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम. पाच-सहा मिलिमीटरचा, सायीच्या रंगाचा, पाठीवर कॉफीच्या रंगाच्या नागमोडी उभ्या रेघा. पानांखाली अंडी घालतो, अळ्या आणि भुंगेरे दोघं मिळून पानं चाळणीसारखी करतात, कोवळे शेंडे खाल्ले तर फुलंच धरत नाहीत. सुरुवातीची तीन-चार वर्षं फार काही दिसलं नाही आणि मग संख्या वाढली तसं बंगळुरूच्या आसपास मैदानंच्या मैदानं नागडी झाली.

तेवढ्यात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बोंब झाली की भुंगेरा सूर्यफुलावर चढलाय. शेतकरी घाबरले, साहजिक आहे, एक तण मारायला आणलेला किडा पीक खायला लागला तर कोणीही घाबरेल. नवे भुंगेरे सोडणं थांबवलं गेलं, चौकशी झाली. जयंत यांच्या टीमने १९९३ मध्ये कारण शोधून मांडलं ते मला एखाद्या डिटेक्टिव्ह कथेसारखं वाटतं. जिथे शेजारी गाजर गवत फुललं होतं तिथे त्याचे पराग उडून सूर्यफुलाच्या पानांवर बसले होते, आणि भुंगेऱ्याला त्या परागांच्या चवीने वाटत होतं की हेच आपलं ताट. असे पराग न पडलेल्या सूर्यफुलात त्याला फारसा रस नव्हता. म्हणजे त्यातही मूळ गुन्हेगार गाजर गवतच निघालं. पुढे बंदी उठली. आज जबलपूरहून हे भुंगेरे मिळतात, तिथली मंडळी दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजर गवत जागृती सप्ताहही करतात. आणि भुंगेऱ्याने व्हिसा वगैरे न काढता पाकिस्तानही गाठलंय, लाहोरजवळ तो आपला आपणच पोचलेला सापडला.

मग काम का झालं नाही? झालं, पण वेळापत्रक जुळत नाही. भुंगेरा पावसाबरोबर जमिनीतून वर येतो, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जोरात असतो आणि थंडीच्या तोंडावर पुन्हा मातीत जाऊन झोपतो ते पुढच्या पावसापर्यंत. गवत मात्र शहरात बारा महिने असतं, गटाराच्या पाण्यावर, फुटलेल्या पाइपवर, बागेच्या सांडपाण्यावर डिसेंबरातही नवी रोपं येतात आणि तेव्हा त्यांना खाणारा कोणी जागा नसतो. शिवाय जूनमध्ये उगवलेली पहिली पिढी फुलावर येते तेव्हा भुंगेऱ्यांची फौज अजून जमत असते.

तिसरा उपाय टाकळ्याच्या भावाचा. कल्पना चांगली होती, जागा रिकामी ठेवली की गाजर गवत येतं तर मग जागा दुसऱ्या कशाने तरी भरून टाका. त्यासाठी टाकळ्याच्याच कुळातली एक वनस्पती पुढे आली, तेव्हा तिला कॅसिया सेरिसिया किंवा कॅसिया युनिफ्लोरा म्हणत, आता सेन्ना युनिफ्लोरा. दाट उगवते, गाजर गवताच्या रोपांना सावलीखाली दाबते, बऱ्याच ठिकाणी तिने त्याला खरंच हटवलं. अडचण एकच, ती पण अमेरिकेचीच. आता पुण्याच्या टेकड्यांवर, रस्त्याकडेला पावसाळ्यात हिचेच ताटवे दिसतात आणि तिच्याखाली दुसरं काही उगवत नाही. टाकळा तरी निदान पहिल्या पावसात भाजी करून खाता येतो, हिचं काय करायचं? एका भाडेकरूला काढायला दुसरा आणला आणि आता दुसरा जागा सोडत नाही.

आमचा प्लॉट

तर हे सगळं वाचायच्या आधीचं वर्ष. प्लॉटचा मालक कोण ते सोसायटीत कोणालाच नक्की माहीत नाही, त्यामुळे तो सगळ्यांचा आणि कोणाचाच नाही. सप्टेंबरअखेर गणपती-बिणपती झाल्यावर कमिटीला गवत दिसलं, म्हणजे पांढरंशुभ्र झाल्यावर, आणि एक ग्रास कटरवाला बोलावला. त्याने दोन तासांत सगळं सपाट केलं, व्हॉट्सअॅपवर आधी-नंतरचे फोटो पडले, अंगठे पडले. कापलेलं गवत भिंतीला लावून ढीग घातला आणि तिथेच वाळू दिला. मी पण खूश होतो. तीन आठवड्यांनी बघतो तर कापलेल्या प्रत्येक बुंध्यातून चार-चार फांद्या फुटलेल्या आणि घोट्याएवढ्या उंचीवरच फुलं आलेली, आता कटरच्या पात्याखालीच. आणि ढीग होता त्याच्या भोवती हिरवा गालिचा, नवी रोपं इतकी दाट की जमीन दिसेना. कटरची दोरी गरगर फिरताना पिकलेल्या बियांचं काय झालं असेल ते मी सांगायला नको.

एक काका म्हणाले मीठ मारा. मिठाचं पंधरा-वीस टक्के पाणी फवारलं की गवत करपतं हे खरं आहे, पण मीठ जातं कुठे, त्याच मातीत. मग तिथे दुसरंही काही येत नाही आणि जागा पुन्हा मोकळी.

दुसऱ्या वर्षी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, दोन पाऊस झाल्यावर, आम्ही पाचजण गेलो. पानांची चक्रं तेव्हा वाटीएवढी होती. ओल्या मातीतून सोटमूळ अलगद येतं, हिसका द्यावा लागत नाही, दोन बोटांत बुडखा धरायचा आणि सरळ वर. वाळल्यावर तेच रोप मधेच तुटतं आणि बुंधा राहतो. दोन संध्याकाळी गेल्या, फूल एकालाही नव्हतं म्हणून ढीग खड्ड्यात टाकून कंपोस्ट करता आला, फुलावर आलेलं असतं तर खतातून बी फुकट वाटली असती. पंधरा दिवसांनी राहिलेली पुन्हा काढली. जुलै संपला तेव्हा प्लॉटवर आघाडा, दुर्वा, थोडा टाकळा, असं आपलं साधंसुधं रान होतं.

कंपाउंडच्या पलीकडच्या अंगाला वीस-पंचवीस झाडं सुटली होती. ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे गेलो तर पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या, आणि शेंड्यावर सायीच्या रंगाचे, कॉफीच्या रेघांचे बटण बसलेले. बोट जवळ नेलं की पाय आखडून टपकन खाली पडतात. मी लहान पोरासारखा तिथे अर्धा तास बसलो होतो. तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकू खिडकीतून, "अहो, त्या झाडांवर किडे झालेत बघा, पोरं खेळतात तिथे." म्हटलं, "काकू, तेच तर हवेत आपल्याला." त्यांना ते पटलं नसावं, कारण दोन दिवसांनी डासांची फवारणी करणारा माणूस आला होता त्याला कोणीतरी प्रेमाने तो कोपरा पण दाखवला. बटणं गेली. झाडांना महिनाभरात नवी पानं फुटली.

आणि मग ऑगस्टच्याच शेवटी, पार्किंगच्या खड्ड्यांत टाकायला म्हणून कमिटीने मुरूम मागवला. ट्रॅक्टर आला, आत जागा नव्हती म्हणून प्लॉटवर ओतून गेला. ड्रायव्हरला विचारलं कुठला मुरूम, तर म्हणाला, "कात्रजच्या पुढं साईट चालू हाय साहेब, तिथनं." खड्डे भरून ढीग निम्मा उरला. परवा दिवसभर पाऊस होता, काल सकाळी चपला घालून त्या ढिगाभोवती एक फेरी मारली. गाजराच्या पाल्यासारखी, रुपयाएवढी चक्रं. मोजली, एकतीस भरली.